घाटकोपरचा गॅप: दिव्यांग माणसाचं आयुष्य नेमकं कशाने सुधारतं?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, ते कापलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचं स्टेशन घाटकोपर, साल २०१४.

११ जानेवारीला तिथे कॉलेजात शिकणारी सोळा वर्षांची एक मुलगी लोकल पकडताना प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधल्या फटीत पडली. दोन्ही हात गेले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती बातमी आठवत असेल, तेव्हा आठवडाभर टीव्हीवर तेच चालू होतं.

त्याच वर्षी ८ जूनला त्याच स्टेशनाला चिकटून मेट्रो सुरू झाली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. तिथे डबा आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत. लिफ्ट आहे, जमिनीवर काठीला आणि पायाला जाणवतील अशा उठावाच्या फरशा आहेत. व्हीलचेअर कोणी न उचलता आत जाते.

म्हणजे एकाच स्टेशनात, पाच महिन्यांच्या अंतराने, एक प्लॅटफॉर्म माणसाला दिव्यांग करतोय आणि जिना चढून गेल्यावर दुसरा प्लॅटफॉर्म दिव्यांग माणसाला कामावर पोचवतोय. मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरीला. त्यामुळे ही दोन्ही दुनिया मी रोज दहा मिनिटांत बदलतो. या एपिसोडचं बी तिथेच पडलं.

आता त्या अपघातानंतर काय काय झालं ते बघा. मुलीला आधी कृत्रिम इलेक्ट्रॉनिक हात मिळाले. मग ऑगस्ट २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, परळच्या एका हॉस्पिटलमध्ये तिला दोन्ही हातांचं ट्रान्सप्लांट झालं. चेन्नईतल्या एका ब्रेनडेड माणसाचे हात विमानाने आले आणि ऑपरेशन पंधरा तासांहून जास्त चाललं. मुंबईतलं ते पहिलं. आणि दुसरीकडे हायकोर्टाने रेल्वेला फैलावर घेतलं आणि मुंबईतल्या लोकलचे प्लॅटफॉर्म ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करायच्या कामाला वेग आला. सिमेंट, विटा आणि फरशा, एवढंच ते काम. त्याची बातमी आतल्या पानावर.

एकीकडे एका माणसासाठी केलेलं अफाट काम, दुसरीकडे लाखो माणसांसाठी केलेलं कंटाळवाणं काम. दोन्ही हवीत, त्यात वाद नाही. पण माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात प्रश्न येतोच की यांची तुलना करायची कशी? ऑफिसात आम्ही बटण हिरवं ठेवायचं की निळं हे ठरवायला अर्ध्या युजर्सना हे दाखवतो, अर्ध्यांना ते. माणसाच्या आयुष्यावर असा प्रयोग करता येत नाही. आणि मोजायचं तरी काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात यावर मोठं काम केलं. जगभरातल्या केंद्रांवर लोकांना विचारून, त्यात आपलं दिल्ली आणि मद्रासही होतं, एक प्रश्नावली बनवली. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत आणि चार भाग आहेत: शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती. हा चौथा भाग लक्षात ठेवा. राहायची जागा, पैसे, प्रवासाची सोय, माहिती मिळणं हे सगळं 'जगण्याच्या दर्जा'त मोडतं, असं त्यांनी स्पष्टपणे कागदावर आणलं.

मग १९९९ मध्ये अमेरिकेत अल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या दोन संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या प्रौढांना विचारलं, तुमचं आयुष्य कसं चाललंय? ५४.३ टक्के लोक म्हणाले, चांगलं किंवा उत्तम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बिचारा काय जगत असेल. आतला माणूस म्हणतो, बरं चाललंय की! याला 'डिसॅबिलिटी पॅराडॉक्स' असं नाव पडलं. मला यात पॅराडॉक्स काही दिसत नाही. चुकीच्या माणसाला विचारलं की चुकीचं उत्तर येतं, इतकं साधं आहे ते. पण याचा परिणाम मोठा आहे. दिव्यांगांसाठी काय करायचं हे जर दिव्यांग नसलेलेच ठरवत असतील तर ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं, आणि मुंबईत बराच काळ तेच चाललं.

तर आता इतिहासात जाऊ.

शरीर दुरुस्त करा, हा पहिला विचार. आणि तो वाईट नव्हता. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, फातिमा इस्माइल नावाच्या बाईंनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी क्लिनिक काढलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता, तिच्यावरच्या उपचारांसाठी धावपळ करता करता त्या स्वतः शिकल्या. पुढे हाजी अलीला मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं, आणि तिथेच १९५५ मध्ये केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची राष्ट्रीय संस्था आली. आजही बोरिवली-विरारपासून माणसं कॅलिपर आणि कृत्रिम पायासाठी महालक्ष्मीला उतरून हाजी अलीला जातात. तुमच्या आजीला विचारा, तिला माहिती असेल.

इथे एक गोष्ट फार आवडते मला. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर पी. के. सेठी यांनी मिळून रबराचा पाय बनवला, जयपूर फूट. त्याआधीचा विदेशी पद्धतीचा पाय होता, तो घोटा न वाकणारा, बूट घालूनच वापरायचा. डॉक्टरच्या टेबलावर दोन्ही 'यशस्वी'. पण आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी देवळात जातो, पावसात चिखलातून चालतो. चाळीतला संडास भारतीय पद्धतीचा. बुटातला पाय तिथे कामाचाच नाही, म्हणून लोक तो घरी काढून कोपऱ्यात ठेवायचे. जयपूर फूट घालून उकिडवं बसता येतं. एकच कमी भरून काढायची, दोन पाय, आणि फरक कशाने पडला? संडासाने. चौथा भाग, परिस्थिती, आठवतोय ना?

दुसरा विचार होता, वेगळी जागा द्या. जोगेश्वरी वेस्टला एस. व्ही. रोडवर एम. एन. बानाजी इंडस्ट्रियल होम फॉर द ब्लाइंड आहे. बसमधून तुम्ही शंभर वेळा त्यावरून गेला असाल. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली, आणि त्या पिढीचा मार्ग असा होता की अंध प्रौढाला राहायला जागा द्यायची, हातकाम शिकवायचं आणि तिथेच काम द्यायचं. खुर्च्यांना वेत विणणं, मेणबत्त्या, पॅकिंग. याला वर्कशॉप म्हणतात, संरक्षित वर्कशॉप.

आजच्या भाषेत याला नावं ठेवणं सोपं आहे. वेगळं पाडलं, मजुरी कमी, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. हे सगळं खरंच आहे. पण जरा त्या काळच्या मुंबईत उभं राहून बघा. गावाहून आलेला विशीतला अंध मुलगा, ओळख नाही, भाड्याची खोली कोणी देत नाही. मुंबईत डोक्यावर छप्पर हीच निम्मी लढाई, ती तर डोळसांनाही जिंकता येत नाही. त्या मुलाला छप्पर, जेवण, काम आणि मित्र एकाच आवारात मिळाले. मी हे वाचलं तेव्हा माझा आधीचा शहाणपणा थोडा उतरला. त्यांनी माणसासाठी पूर्ण साखळी बांधली होती. फक्त ती साखळी कंपाउंडच्या भिंतीपाशी संपत होती.

साखळी हा शब्द मुद्दाम वापरतोय, त्यावर येतोच. आधी नोकरीचा इतिहास.

१९५९ मध्ये देशातलं पहिलं दिव्यांगांसाठीचं स्पेशल एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज मुंबईत निघालं. १९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं. १९९५ मध्ये कायदा आला, २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आणि सरकारी नोकरीत ४ टक्के. कागद बघाल तर दर पिढीला प्रगती आहे.

पण या सगळ्यातली मुंबईची खरी हिट गोष्ट कुठल्याही आरक्षणातून नाही, एका यंत्रातून आली. टेलिफोन बोर्ड! बँका, मिल, सरकारी ऑफिसं, सगळीकडे ऑपरेटर लागायचा आणि अंध माणूस हे काम डोळसाइतकंच, कधी जास्त चांगलं करायचा. आवाज ओळखायचे, एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. नॅबसारख्या संस्था ट्रेनिंग द्यायच्या. क्रिकेटवाले विजय मर्चंट माहिती आहेत ना, ते नॅबच्या कामात मनापासून होते आणि त्यांनी स्वतःच्या मिलमध्ये दिव्यांगांना कामावर घेतलं, इतरांनाही घ्यायला लावलं. ऑपरेटरची नोकरी म्हणजे पगार, पीएफ, कँटीनमध्ये टेबल, आणि लग्नाच्या बाजारात किंमत. हसू नका, जगण्याच्या दर्जात हेही येतं.

मग डायरेक्ट डायलिंग आलं, मोबाइल आला, बोर्ड गेला. कायदा शाबूत, खुर्ची गायब. मी ज्या धंद्यात आहे त्याच धंद्याने ती खुर्ची खाल्ली, हे मी विसरू शकत नाही.

खासगी क्षेत्रातलं एक मुंबईचं उदाहरण घेऊ. २००८ मध्ये ध्रुव लाकडा यांनी मिरॅकल कुरिअर सुरू केलं. कर्णबधिर मुलं-मुली पाकिटं लावतात आणि पोचवतात. चर्चगेट आणि अंधेरी. हे का जमलं याचा विचार केला तर गंमत कळते. कुरिअरला बोलायला लागत नाही, पत्ता वाचायला लागतो. ऑफिसशी बोलणं एसएमएसवर. एसएमएस काही कर्णबधिरांसाठी बनवला नव्हता, पण त्यांच्याइतका फायदा कोणालाच झाला नाही. आणि फिरण्यासाठी लोकलचा सवलतीचा पास. यातलं एक काढून टाका. एसएमएस नाही, तर ऑफिसशी बोलायचं कसं? पास नाही, तर पगारातला मोठा भाग प्रवासात जातो. धंदा बसतो.

म्हणजे ही बेरीज नाही, गुणाकार आहे.

हेच मला या एपिसोडमध्ये सांगायचंय, म्हणून जरा थांबतो इथे. पाय, ट्रेनिंग, नोकरी, डबा, लिफ्ट, पेन्शन, मदतनीस. आपण समजतो की प्रत्येक गोष्टीला काही मार्क आहेत आणि ते जोडत जायचे. पाय दिला, दहा मार्क. ट्रेनिंग दिलं, अजून दहा. प्रत्यक्षात यातलं एक शून्य झालं की सगळ्याचं शून्य होतं. घाटकोपर मेट्रोत व्हीलचेअर सुरेख जाते. पण मेट्रोच्या लिफ्टपर्यंत यायच्या फुटपाथवर फेरीवाला, बाइक आणि उघडं गटार असेल तर मेट्रोची ती लिफ्ट त्या माणसासाठी शून्य. दोष मेट्रोचा नाही, पण निकाल शून्यच. आणि अभ्यास करणारे, पैसे देणारे, रिपोर्ट लिहिणारे बहुतेक एकेक कडी सुटी धरून मोजतात. 'इतके पाय वाटले', 'इतक्या जणांना शिकवलं'. माणूस घराबाहेर पडला का, हे कोण विचारतं?

तरी काही चांगले तुलनात्मक अभ्यास आहेत आणि ते हेच दाखवतात. गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रौढांच्या नोकरीबद्दल जुनी पद्धत होती, आधी वर्कशॉपमध्ये तयार करा, मग नोकरी. अमेरिकेत ड्रेक आणि बेकर यांनी उलटं केलं: आधी खरी नोकरी लावा, मग त्या जागेवरच शिकवा, आणि मदत करणारा माणूस मागे उभा ठेवा. २००८ मध्ये अशा ११ चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यात नव्या पद्धतीतल्या ६१ टक्के लोकांना खुल्या बाजारातली नोकरी लागली, जुन्या पद्धतीत २३ टक्के. फरक ट्रेनिंगच्या दर्जाचा नव्हता. एका पद्धतीत साखळी शेवटपर्यंत धरून ठेवणारा माणूस होता, दुसरीत वर्कशॉपच्या दारात हात सोडला जायचा.

आणि याहून चांगला पुरावा हवा असेल तर एकच शरीर दोन शहरांत ठेवून बघा. हे खरंच झालंय, आपल्या मुंबईच्या मालिनी चिब यांच्या बाबतीत. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, आता तिचं नाव अडॅप्ट, ऑफिस वांद्र्याला. मालिनी यांचं आत्मचरित्र २०१० मध्ये आलं, 'वन लिटल फिंगर', कारण त्या एका बोटाने टाइप करतात. 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, त्यामागची प्रेरणा त्याच. त्या इंग्लंडमध्ये शिकल्या. तिथे मोटरवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर एकट्या रस्त्याने जाता यायचं, बसमध्ये चढता यायचं. मुंबईत परत आल्या की बाहेर पडायला माणूस हवा, गाडी हवी, कोणीतरी उचलायला हवं. शरीर तेच, बुद्धी तीच, घरचं प्रेम तर मुंबईतच जास्त. बदललं फक्त शहर. लंडनमध्ये त्या मास्टर्सच्या विद्यार्थिनी होत्या आणि मुंबईत लोक त्यांच्याशी न बोलता त्यांच्या सोबतच्या माणसाशी बोलायचे.

हे वाचल्यावर हाजी अलीच्या आणि जोगेश्वरीच्या सगळ्या प्रयत्नांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ते सगळे माणसाला शहरासाठी तयार करत होते. शहराला माणसासाठी तयार करायचं काम फार उशिरा सुरू झालं, आणि तेही बरेचदा कोर्टाच्या दणक्याने. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली की सार्वजनिक जागा आम्हाला वापरता येतील अशा करा. निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की सरकारचे नियम नुसते शिफारशीसारखे आहेत, ते सक्तीचे करा. एकोणीस वर्षं!

लोकलचा हँडिकॅपचा डबा मात्र या इतिहासातला आपला अस्सल मुंबईचा हिरो आहे. लगेजच्या डब्यासारखा एक छोटासा कप्पा. कॅन्सरचे पेशंट आणि गरोदर बायकाही त्यात चढतात. काही प्लॅटफॉर्मवर तो कप्पा जिथे थांबतो तिथे बीप वाजत राहते, अंध प्रवाशांना जागा कळावी म्हणून. तुम्ही कधी विचार केलाय का ती टिकटिक कशाची? त्या डब्यात रोजचे ग्रुप आहेत, वाढदिवसाचे केक आहेत, नोकरीच्या जागांची खबर आहे, कुठल्या हॉस्पिटलात सर्टिफिकेट लवकर मिळतं याची माहिती आहे. कुठलीही संस्था काढून देऊ शकणार नाही असं नेटवर्क रेल्वेने एका पत्र्याच्या भिंतीने तयार केलं, बहुतेक नकळत. कुर्ल्याला धडधाकट माणसं त्यात घुसतात तेव्हा ती फक्त जागा खात नाहीत, साखळीतली कडी काढतात. पण गुणाकाराचा नियम इथेही लागू. डब्याला दार आहे, दारापर्यंत जिना आहे. अनेक स्टेशनांवर लिफ्ट आल्या आहेत, पण त्या दिवशी लिफ्ट बंद असली तर डबा असून नसल्यासारखा.

आता आपल्या सगळ्यांच्या हातातली गोष्ट, फोन. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत अंध प्रौढांच्या आयुष्यात सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा बदल याने केला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकल करन आणि जेमी टेह यांनी, एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर बनवायला घेतला. त्याआधी असं सॉफ्टवेअर इतकं महाग होतं की कॉलेजात एक कॉपी असली तरी नशीब. मग अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आला. आता मुलुंडचा अंध तरुण फोनवर व्हॉट्सॲप ऐकतो, ट्रेन बघतो, बँकेचं काम करतो. झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने, एक्सआरसीव्हीसीने, बोलणाऱ्या एटीएमसाठी आणि पुस्तकांच्या कॉपीराइट कायद्यात सूट मिळावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ती सूट २०१२ मध्ये मिळाली. टेलिफोन बोर्डाने दिलेली आणि नेलेली खुर्ची थोडी परत आली.

आणि मग आम्ही, म्हणजे माझी जात, त्या फोनमध्येच नवे जिने बांधतो. केवायसीला ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करायचं? ॲसिड हल्ल्यात ज्यांचा चेहरा भाजला, त्यांनी काय मिचकवायचं? हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करा. माझ्या ऑफिसात या विषयाचं तिकीट निघतं आणि स्प्रिंटमागून स्प्रिंट खाली ढकललं जातं. बटणाला नाव द्यायला, जे स्क्रीन रीडर वाचू शकेल, पाच मिनिटं लागतात. प्लॅटफॉर्मला फरशी बसवण्यापेक्षाही कमी. जे ऐकणारे डेव्हलपर आहेत त्यांनी आज रात्री आपल्या ॲपवर टॉकबॅक चालू करून, स्क्रीन झाकून, एक रिचार्ज करून बघा. मी केलं. सतरा वेळा 'अनलेबल्ड बटण' ऐकलं आणि पैसे शेवटी गेले नाहीत.

पण इथे थांबलो तर मी फक्त सोप्या लोकांबद्दल बोललो असं होईल. ज्यांना ना रॅम्प पुरत, ना फोन, अशी माणसं आहेत. बौद्धिक अपंगत्व असलेले प्रौढ. ज्यांना चोवीस तास मदत लागते ते. त्यांच्यासाठी मुंबईत लहानपणी शाळा आहेत, शिवडीची जय वकील शाळा तर १९४४ पासून आहे. अठरा झालं की मोठा खड्डा येतो. मुलगा घरी, टीव्हीसमोर, आई म्हातारी होतेय. अशा घरात एकच प्रश्न असतो, आमच्यानंतर कोण?

जुहूला कॅफे अर्पण आहे, २०१८ मध्ये सुरू झाला. यश चॅरिटेबल ट्रस्टचा. आधी ते डबे पुरवायचे, मग कॅफे. ऑर्डर घेणारे, बनवणारे बरेच जण बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेले प्रौढ. काम लहान पायऱ्यांत तोडलेलं, सोबत शिकवणारा माणूस, आणि गिऱ्हाईक समोर. म्हणजे तीच 'आधी काम, तिथेच शिक्षण' पद्धत. कॉफी चांगली असते, उपकार म्हणून जाऊ नका.

राहण्याबद्दल तुलना करायची तर चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेचं काम बघण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं मानसोपचार हॉस्पिटलात राहिलेल्या, घरी परत जाऊ न शकणाऱ्या लोकांना त्यांनी साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चार-पाच जणांत ठेवलं, मदतनीस दिला. हॉस्पिटलातच राहिलेल्यांशी तुलना केली तर घरात राहणाऱ्यांचं लोकांत मिसळणं वाढलं. त्यात जादू काही नाही. त्यांना शेजारी मिळाले, बाजार मिळाला, आज भाजी कुठली करायची यावर भांडता आलं.

आणि मदतनीस, हीच ती कडी जी आपल्याकडे जवळजवळ कोणी बनवलीच नाही. स्वीडनमध्ये १९९४ पासून कायदा आहे, ज्याला गरज आहे त्याला सरकार मदतनिसाचे तास देतं, आणि मदतनीस कोण हवा हे तो माणूस स्वतः ठरवतो. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजना आहे, २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५००. मुंबईत दिवसभराचा मदतनीस एजन्सीकडून घ्यायला गेलात तर एवढ्यात आठवडाही निघत नाही. म्हणून ती नोकरी आई करते, बिनपगारी, बिनसुट्टीची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. त्यांच्यामागे किती आया मोजायच्या?

मला कोणी विचारलं, एकच गोष्ट निवड, तर आधी मी प्लॅटफॉर्मची उंची म्हणालो असतो. हा भाग तयार करता करता मत बदललं. ज्याला जमतं त्याच्यासाठी फरशी, डबा आणि नीट लेबल लावलेलं बटण. ज्याला तेवढ्याने जमत नाही त्याच्यासाठी पगारी मदतनीस, आणि तो कोण हे त्याने ठरवायचं. ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरांना माझा सलाम आहे, पण नव्या हातांनाही लोकलचा दांडा धरावाच लागतो, आणि डबा-प्लॅटफॉर्ममधली फट तिथेच असते.

आता तुमचं काम. तुमच्या घरापासून स्टेशनापर्यंत व्हीलचेअर ढकलत जायचं असं समजून एकदा चाला आणि पहिल्यांदा कुठे अडली असती त्या जागेचं नाव आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. बोरिवली, मालाड, अंधेरी, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, सगळे चालतील. ऐकता येत नसेल तर लिहून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्या जागा घेऊन बसू, आणि सोबत बोलायला हँडिकॅपच्या डब्यातून रोज प्रवास करणारे दोघं असतील. त्यांनी आधीच बजावलंय की मला जास्त बोलू द्यायचं नाही.